बांगडीच्या मापाचं ब्रेसलेट

"निमुबेन, मारो मणको क्यां गयो?"

माझा मणी कुठे गेला, असं रमणभाईंनी विचारलं तेव्हा मी हसले. मला वाटलं, गंमत करताहेत. त्यांच्या बायकोच्या, हंसाबेनच्या हातात मी नुकतंच एक ब्रेसलेट घातलं होतं. हात आमच्या समोर होता. बारीक मण्यांची ओळ दिसत होती. मधला मोठा मणी मात्र नव्हता.

हंसाबेनने हात उलटा केला. मणी खाली, डॉक्टर नाडी बघतात तिथे जाऊन बसला होता.

मी तो फिरवून वर आणला. हंसाबेनने केस मागे सारायला हात उचलला, मणी परत खाली. दुसरं ब्रेसलेट घालून पाहिलं, तेही तसंच. तिसरं जरा मोठ्या मापाचं होतं. ते हात खाली केल्याबरोबर निसटून रमणभाईंच्या ओट्यावरच पडलं. रमणभाई म्हणाले, "आ मणको बहु शरमाळ छे." मला मात्र आता हसू येईना.

तो दिवस गुरुवार. शनिवारी सकाळी डिलिव्हरी. अठरा ब्रेसलेट तयार होती, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी बांधलेली.

आता मी कोण ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई मधूनच सुरू झाली. मी नरपडला राहते. डहाणूत आमचं बांगड्यांचं दुकान होतं. चाळीसेक वर्षं मी बायकांच्या हातात बांगड्या भरल्या. हात हातात घेतला की नंबर सांगायचे, दोन-चार, दोन-सहा, अडीच. हे गेले आणि दुकान मुलाने मोबाइलवाल्याला भाड्याने दिलं. मी घरात बसून काय करणार? मण्यांची ब्रेसलेट करायला लागले. कुणी शिकवलं नाही. तुटलं की का तुटलं ते बघायचं, हाच माझा क्लास.

रमणभाई तलासरीचे. काचेच्या कारखान्यात प्रयोगशाळेच्या नळ्या फुंकण्यात त्यांचं आयुष्य गेलं. रिटायर झाल्यावर घरामागे गॅसचा बर्नर लावला आणि मणी करायला लागले. रंगीत काचेची कांडी ज्योतीत धरायची. काच पाघळली की ती माती लावलेल्या लोखंडी सळीवर गुंडाळायची. सळी सारखी फिरवत राहायची. हात थांबला की काच एका बाजूला ओघळते आणि मणी वाकडा होतो. शेवटी गरम राखेत पुरून सावकाश थंड करायचा. घाई केली की तडकतो. एका मण्याला वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी मूठभर मणी माझ्या पदरात टाकले आणि म्हणाले, "पहिले बगाडो, पछी शीखो." आधी बिघडवा, मग शिका. माझा धंदा त्या मुठीवर उभा आहे.

ही ऑर्डर एका आश्रमशाळेच्या मॅडमची होती. मुलं जिथे राहून शिकतात तशी शाळा, तलासरीच्या आतल्या बाजूला. मॅडम मुख्याध्यापिका म्हणून रिटायर होत होत्या आणि जाताना शाळेतल्या अठरा बायकांना काहीतरी द्यायचं होतं. शिक्षिका, नर्स, वॉचमनबाई, स्वयंपाकाच्या बायका, सगळ्या. "काकू, प्रत्येकीचा मणी वेगळा हवा. तिचा तिला ओळखू आला पाहिजे." त्यांनी यादी दिली. नाव, काम आणि बांगडीचा नंबर. सरप्राइज होतं, म्हणून त्यांनी युक्ती केली. सगळ्यांना बांगड्या भरायच्या आहेत असं सांगून नंबर विचारून घेतले.

रमणभाईंनी त्या यादीवर दोन महिने काम केलं. झाईच्या एक बाई होत्या, मच्छीमाराच्या घरातल्या. त्यांना भरतीच्या गढूळ पाण्याचा रंग, वर फेसाची पांढरी रेघ. वॉचमनबाईंना बॅटरीच्या उजेडासारखा पिवळा. स्वयंपाकाच्या देवकीबायला नाचणीच्या भाकरीचा रंग, त्यावर तांदळाएवढे पांढरे ठिपके. यादी संपत आली तेव्हा एकदा चहा पिताना ते म्हणाले, "आ अढार पछी बर्नर बंद." त्यांच्या बशीत चहा हिंदकळत होता, तो मला दिसत होता.

म्हणजे हे शेवटचे अठरा. आणि माझ्या मूर्खपणामुळे ते अठरा हातांच्या खाली लपून घाम पुसत बसणार होते.

चूक काय झाली, ते मला ओट्यावर बसल्या बसल्याच कळलं. बांगडी पंजातून आत जाते. म्हणून तिचा नंबर हा पंजाच्या हाडांचा नंबर. ब्रेसलेटला हूक असतो. ते पंजातून जात नाही, मनगटावरच बसतं. मनगट पंजापेक्षा इंचभर तरी बारीक. तोपर्यंत मी इलॅस्टिकची ब्रेसलेट करायचे. इलॅस्टिक सगळं पोटात घालतं. पण हाताने केलेल्या मण्याच्या भोकाची कड धारदार असते, ती इलॅस्टिक कापते. म्हणून या वेळी पहिल्यांदाच प्लास्टिकचं वेष्टन असलेली बारीक तार घेतली होती. तार काही पोटात घालत नाही. ट्रायल घेतली ती माझ्याच हातावर. माझं मनगट म्हणजे मुसळ. त्यावर सगळंच घट्ट बसतं.

नवशिकी असती तर तिने दोरा घेऊन मनगट मोजलं असतं. ही चूक चाळीस वर्षं बांगड्या भरलेलीच करू शकते.

"रमणभाई, चूक माझी आहे," मी म्हणाले.

"काच फुटी?"

"नाही."

"तो पछी भूल कसली? काच फुटली तर भूल. बाकी सगळं परत थाय."

मी तिथूनच मॅडमना फोन लावला.

"मॅडम, मला सगळ्यांच्या मनगटाची मापं हवीत."

"मापं दिली ना काकू?"

"ती बांगडीची. मनगटाची वेगळी. हे मला कळायला हवं होतं, तुम्हाला नव्हे."

"आता काय मी टेप घेऊन अठरा जणींची मनगटं मोजत फिरू? एका मिनिटात कळेल त्यांना! आधीच बांगड्यांचं सांगून बसलेय. रोज विचारतात, मॅडम, बांगड्यावाली कधी येणार?"

"उद्या येईल," मी म्हणाले.

"कोण?"

"बांगड्यावाली."

पलीकडे मॅडम इतक्या मोठ्याने हसल्या की हंसाबेनलाही ऐकू गेलं.

दुकानातला शिल्लक माल माझ्या माळ्यावर होता. शुक्रवारी सकाळी दोन पेट्या घेऊन मी एसटीने तलासरीला आले. हंसाबेन वही घेऊन बरोबर आली. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून बसलो. बांगडी चढली की मनगट क्षणभर मुठीत धरायची आमची सवयच असते. तेवढ्यात माझा अंगठा आणि मधलं बोट कुठे भेटतात ते बघायचं, असं मी ठरवलं होतं. दोन्ही टेकली तर 'जोड'. एकावर एक चढली तर 'पेर'. मध्ये फट राहिली तर 'जव'. मी हळूच शब्द बोलायचे आणि हंसाबेन नावापुढे लिहायची. बायकांना वाटलं, आम्ही बांगड्यांचे प्रकार लिहितोय. एक शिक्षिका म्हणाल्या, "मला पण ते जव डिझाइनच द्या!"

उद्याच्या ब्रेसलेटला जागा राहावी म्हणून डाव्या हातात मी दोनच बांगड्या भरत होते. सोळा जणी सुखरूप पार पडल्या. सतरावी देवकीबाय. सायवनकडची, पन्नाशीची, हाताला भट्टीचा वास. तिने आपले दोन्ही हात बघितले, मग माझ्याकडे बघितलं.

"बाय, उजव्यात सहा नि डाव्यात दोनच?"

"डाव्यात घड्याळ घालतात ना."

"माझ्याकं घड्याळ नाय." ती पुढे वाकली. "नि बांगडी तर पंजातून जाते. तू मनगट कशाला दाबून बघते?"

हंसाबेनची पेन्सिल थांबली. मागे शेवटची बाई उभी होती, वॉचमनबाई, कान टवकारून. मी देवकीबायकडे नुसतं बघितलं. डोळ्यांनीच म्हटलं, बाई गं, सांभाळ.

तिने हात काढून घेतला नाही. मोठ्याने म्हणाली, "बरोबर हाय, डाव्यात दोनच बऱ्या. भाकर थापताना वाजत नाय." मग खालच्या आवाजात, "काय करायचा ता कर. पण बोटभर जागा ठेव. पाणी निघून जायला पायजे, नायतर खाज सुटते."

बोटभर जागा! तार हातात घेतल्यापासून हा हिशेब मला कुणी सांगितला नव्हता. सांगितला तो रोज हात पाण्यात घालणाऱ्या बाईने.

दुपारी आम्ही रमणभाईंच्या ओट्यावर परत. वर्तमानपत्राची सुरळी करायची आणि माझी बोटं 'जोड' होतील इतकी जाड करायची. त्यावर दोरा गुंडाळायचा, बोटभर जास्त धरायचा, ते झालं माप. असंच 'पेर'चं, असंच 'जव'चं. तारेची टोकं बारीक धातूच्या मण्यात घालून चेपलेली असतात. एकदा चेपलं की सुटत नाही, कापावंच लागतं. अठराच्या अठरा कापली. हंसाबेनने खाली जुनी रजई अंथरली, काच पडली तरी फुटू नये म्हणून.

पहिलं नवीन ब्रेसलेट तिच्या हातात घातलं. बरं बसलं. पण मणी अजून थोडा कलायचा. मोठी काच जड असते, तिला खाली जायचंच असतं. मी कपाळाला हात लावला.

रमणभाई उठले आणि आतून एक पत्र्याचा डबा घेऊन आले. आत मणी. सगळे एका बाजूला ओघळलेले, चपटे, वाकडे. गेल्या वर्षभरातले. हात थरथरायला लागल्यापासूनचे.

"फेंकी न शक्यो," ते म्हणाले. "हूकपाशी लाव. खाली वजन पडलं की वरचा वर राहील."

मी एक लावला. हंसाबेनने हात हलवला, केस सारखे केले, पदर खोचला. मणी वर तो वरच. रमणभाई डब्यातले वाकडे मणी एकेक करून माझ्यापुढे ठेवत राहिले. हाताची थरथर होती, पण त्या कामाला ती चालत होती. दिवेलागणीला अठरावं ब्रेसलेट चेपलं.

शनिवारी रमणभाई येत नाही म्हणत होते. हंसाबेनने इस्त्रीचा शर्ट समोर धरला, तेव्हा आले. मागच्या बाकावर बसले, उजवा हात खिशात. मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. एकेकीचं नाव घेऊन त्यांनी स्वतः ब्रेसलेट घातलं. झाईच्या बाईंनी मणी बघितला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर आमचं पाणी!" वॉचमनबाई पिवळा मणी खिडकीतल्या उन्हात धरून उभ्याच राहिल्या. शेवटी फोटोसाठी सगळ्यांनी हात वर केले. अठरा हात, अठरा मणी, सगळे वर. मी मोजले. दोनदा मोजले.

फोटो झाल्यावर देवकीबाय मागच्या बाकापर्यंत आली. तिला कुणीतरी सांगितलं असणार की मणी यांनी केले.

"बाबा, वरचा चांगला हाय. नाचणी दिसते." तिने मनगट उलटं केलं. "पण हा खालचा माझा."

"ए तो वाकडो छे," रमणभाई म्हणाले.

"असू दे. माझी पयली भाकर रोज वाकडीच होते. तवा तापलेला नसते. ती पोरांना देत नाय, मीच खाते."

रमणभाईंनी खिशातला हात बाहेर काढला आणि तिचं मनगट धरून तो वाकडा मणी जवळून बघितला. बराच वेळ बघितला. हात थरथरत होता. तिने आपला हात हलू दिला नाही.

बर्नर त्यांनी परत पेटवला नाही. मीही कधी आग्रह केला नाही. पत्र्याचा डबा मात्र माझ्याकडे दिला. वरचा मणी आता बाजारातला, पण माझ्या प्रत्येक ब्रेसलेटच्या हूकपाशी त्यातला एक असतो. गिऱ्हाइकं विचारतात, "काकू, हा खाली कशाला?" मी सांगते, हा आहे म्हणून वरचा जागेवर आहे. अर्धा डबा अजून शिल्लक आहे. मला पुरेल.

ऑर्डरच्या कागदावर आता मी मोठ्या अक्षरात छापून घेतलंय. मनगटाचं माप दोऱ्याने घेऊन पाठवा, बांगडीचा नंबर लिहू नका. तरी दहातल्या सहा जणी दोन-सहाच लिहितात. मी त्यांना फोन करते. रागवत नाही. कुठल्या तोंडाने रागवणार?