हँगरवरचा कोट

मालकी हा भ्रम आहे, हे अखेर आमच्या कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्या सुहासलाही पटले आहे. त्याच्या दुकानाच्या नोंदी आता दूरच्या कुठल्याशा कंपनीच्या संगणकावर भाड्याने राहतात. संध्याकाळी भाचीचे लग्न होते आणि माझा कोट समोर हँगरला लटकत होता.

“दिसतोय हो काका, मलाही दिसतोय,” सुहास म्हणाला. “पण नेट गेलंय. क्लाउडवर दिसल्याशिवाय देता येत नाही.” त्याने बोट वर केले. मी वर पाहिले. पंखा होता.

कोट माझा, दुकान त्याचे, आणि होकार द्यायचा तो आम्ही दोघांनीही कधी न पाहिलेल्या तिसऱ्याने. आमच्यावाचून त्या तिसऱ्याचे काहीच अडत नसावे, अशी शंका मला तिथेच आली.

तासाभराने नेट आले. क्लाउडच्या म्हणण्याप्रमाणे कोट मी मागच्याच आठवड्यात नेला होता.

लग्नाला स्वेटर घालून गेलो.