लहानाने पुढे चालायचं

हळूमामांनी मला फसवलं. दादरच्या फुटपाथवर बॅगा विकत मी स्वतःचं दुकान उभं केलं; तिथे भल्याभल्यांना मला एका रुपयाला गंडवता आलं नाही. आमच्या लालबागच्या चाळीतल्या या म्हाताऱ्याने मात्र दोन हिवाळे, माझ्या डोळ्यांदेखत फसवलं.

त्यांच्याइतका हळू डोंगर चढणारा माणूस मी पाहिलेला नाही. बाजूने मोळीवाल्या बायका पुढे जायच्या, एकदा तर एक लंगडी शेळीही गेली. मामा फोर्टात लिफ्टमन होते. सुट्टी मिळाली की डोंगर, हे तरुणपणापासूनचं वेड. म्हणायचे, "जन्मभर लोकांना झटक्यात वर पोचवलं. वाटेत काय होतं ते एकालाही सांगता यायचं नाही."

दुकानापायी मला माझी मुलं झोपलेलीच दिसायची. रविवार तरी त्यांच्यासोबत जावा म्हणून मी मामांना गाठलं. ओम आठ वर्षांचा, सई पाच. डोंगरातलं मला काहीच कळत नव्हतं. पहिल्या खेपेला सतरंजी, मोठी छत्री, फरसाणाचा डबा, मुलांना कोरे करकरीत बूट, असा सगळा थाट केला. मामांनी सतरंजी आणि छत्री गाडीतच ठेवायला लावली, मुलांना रोजच्या चपला-बुटांवर आणलं. "नवे बूट आधी गॅलरीत मळू देत." त्यांच्या स्वतःच्या पिशवीत पाणी, काकड्या आणि मीठ.

नियम एकच. सर्वात लहानाने पुढे चालायचं, कुणी ओलांडायचं नाही. म्हणजे सई पुढे, तिच्यामागे मामा, मग ओम, शेवटी मी. सई थोडं चालायची आणि बसकण मारायची. मुंगळ्यांची रांग बघायची, गवत उपटायची. मी तापायचो.

"सई, ऊठ. अशाने वर कधी पोचणार?"

"वर खंयची पार्टी तुझी वाट बघता रे?" मामा दगडावर टेकत विचारायचे. "बस. पोर दमली आहे."

एकदा टोक अगदी समोर होतं. मी घासाघीस सुरू केली.

"मामा, त्या झाडापर्यंत."

"नको."

"बरं, त्या खडकापर्यंत तरी."

"मला काय विचारतोस? पुढारी ती आहे."

सईने मान हलवली. आम्ही परतलो. गाडीत मी तिला असं झापलं की ओमने कानांवर हात ठेवले. "गिऱ्हाइकावर ओरड," मामा म्हणाले. "ती लेक आहे तुझी." एवढी बोलणी खाऊनही पुढच्या रविवारी सई सगळ्यांआधी दारात तयार. मला नवल वाटायचं.

होळीनंतर मामा गेले. झोपेतच. भेटायला गेलो तेव्हा मामी म्हणाल्या, "डॉक्टरांनी जिनासुद्धा बंद केला होता. मला सांगायचे, पोरांना बागेत नेतो."

"आणि तुम्ही मानलंत?"

"मानते कशी? पँटीला तांबडी माती असायची. पण आले की दोन चपात्या जास्त खायचे. काय बोलू?"

घरी येऊन मी तणतणलो. दमायचे हे, आणि बोलणी खायची माझी पोरगी. सई चित्र रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांना दम लागला की ते हळूच माझी वेणी ओढायचे. मग मी बसायचे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू त्यांना नेलं नसतंस ना बाबा."

गेल्या रविवारी आम्ही तिघंच गेलो. सई भराभर चढली, थेट टोकापर्यंत. वर वारा होता. तिने चौफेर पाहिलं आणि विचारलं, "आता खाली जायचं?"

मामा, मामींशी खोटं बोललात, तो तुमच्या घरचा मामला. इवल्याशा पोरीला माझी बोलणी खायला लावलीत, ती तिने आनंदाने खाल्ली. पण मीही तिथेच होतो. ओमच्या मागे, हाक मारली तर ऐकू येईल इतक्या जवळ. पिशवी मी घेतली असती. शिखर सोडलं असतं, तोंड मिटून बसलो असतो तुमच्याशेजारी. तुम्ही पाच वर्षांच्या मुलीवर भरवसा टाकलात आणि माझ्यावर नाही. का? मला उत्तर हवं आहे.