अदबीचं पत्र

बाळांनो, काका मसाटचा कारखाना सोडणार का, असं तुम्ही फोनवर आजीला विचारलंत. तो शेजारीच बसला होता, म्हणून मी विषय बदलला. आता लिहिते.

काका तिथे पडद्यांचा तयार माल परदेशी पाठवण्याचं काम बघतो. सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक इंग्लंडचं. ते आमचा माल उतरवून घ्यायचं आणि त्यातला निम्मा पुढे हॉलंडच्या दुकानांना धाडायचं. ब्रिटन युरोपच्या व्यापारी संघातून बाहेर पडलं आणि त्या निम्म्या मालावर दोनदा जकात बसू लागली. एकदा इंग्लंडात उतरताना, पुन्हा हॉलंडात शिरताना.

मग त्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं. कारखान्यातलं अवघड इंग्रजी आमच्या जेवणाच्या टेबलावर येतं, हे जुनंच आहे. काका मला गमतीने म्हणाला, "बाई, तपासा. किती मार्क?"

मी सगळी नोकरी शाळेत पत्रलेखन शिकवण्यात घालवली. पत्रात आभार होते, जुन्या संबंधांची आठवण होती, आणि मध्येच, व्यवस्थेचा फेरविचार करावा लागेल, असं एक वाक्य. मी म्हटलं, "इतक्या अदबीने लिहिणारा माणूस संबंध तोडत नाही. निर्धास्त राहा."

तो राहिला. खानवेलहून बसने येणाऱ्या शिलाईच्या बायकांना त्याने दुसरीकडे जाऊ दिलं नाही. पुढच्या मालाचं कापडही मागवलं. ऑर्डर आलीच नाही. कोणाच्या भरवशावर मागवलं, असं मालक रोज विचारतात. काका माझं नाव घेत नाही.

परवा त्या बायकांपैकी एक बाजारात भेटली. "मॅडम, साहेब रोज बोलतात उद्या या. तो उद्या कधी येणार?" मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

आज सकाळी दुसरं पत्र आलं. काका म्हणाला, "आई, या वेळी अर्थ नको सांगूस. नुसतं वाच."

पहिल्या परिच्छेदात आभार होते, मागच्यापेक्षा जास्त. तिथेच मला कळलं, हे संबंध तोडल्याचं पत्र आहे. तरी मी शेवटच्या सहीपर्यंत वाचलं. तो ताटातली पोळी तशीच ठेवून पत्र घेऊन मालकांकडे गेला.

आता दुपारचे तीन वाजलेत. मी फोन टेबलावर पालथा ठेवला आहे. तुम्ही आज त्याला काही विचारू नका.