साडूभाऊंची इटली

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात आजवर जेवढी माणसं दारू प्यायली असतील, त्या सगळ्यांत पाहुण्याच्या हाती पेला देण्याआधी त्याला इटलीचा भूगोल शिकवणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघावा, याचं मी चारचौघांत फार कौतुक सांगत असे. हल्ली सांगत नाही. का सांगत नाही ते सांगायची लाज वाटते, म्हणून आधी त्यांच्या गमती सांगून घेतो.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तीस वर्षं परदेशी प्रवासी बोटीवर होते. बोटीच्या जेवणघरात श्रीमंत पाहुण्यांना इटालियन वाइन वाढणं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर जव्हारला वडिलांच्या जागेवर चार खोल्या बांधून राहिले. मेहुणी वर्षातले आठ महिने ठाण्याला लेकीकडे नातवंडांत असायची, त्यामुळे घरात राज्य साडूभाऊंचं आणि स्वयंपाक करणाऱ्या चंदरीचं. ही चंदरी पोशेऱ्याची. तिथल्या शाळेत मी मास्तर होतो तेव्हा माझ्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकली. निबंधाला मी तिला कायम कमी गुण द्यायचो, कारण डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहून ती पाटी खाली ठेवायची.

महिन्यातल्या एका रविवारी दुपारी चार वाजता साडूभाऊंच्या पडवीत बैठक बसे. वेळ चारचीच. "अंधार पडल्यावर पितात ते विसरायला पितात, आपण ओळखायला पितो," असं ते म्हणत. आदल्या दिवशी सकाळी फोन यायचा, "मास्तर, उद्या कांदा नाही, लसूण नाही, डोक्याला तेल नाही, तंबाखू तर नाहीच." एवढी पथ्यं मी बायकोच्या कुठल्या व्रतातही पाळली नव्हती. मेहुणी कधी इथे असलीच तर तिच्या देवांनाही त्या दिवशी उदबत्ती मिळत नसे. "आमच्या देवांनी आज नाक मुरडलंय," असं ती मला सांगायची आणि बाटली दिसली की ठाण्याची एसटी किती वाजता आहे ते विचारायची.

बैठकीला आम्ही चौघं. साडूभाऊ, मी, बाजारपेठेतले मेडिकलवाले शेठ आणि निवृत्त वनरक्षक, ज्यांना सगळे गार्डसाहेब म्हणत. पडवीच्या फरशीवर माझा दुखरा गुडघा टेकून मी खडूने इटलीचा नकाशा काढायचा, ही मास्तर म्हणून माझी चाकरी. बूट नीट आला नाही तर साडूभाऊ ओल्या फडक्याने टाच पुसून पुन्हा काढायला लावत. मग त्या दिवशीची बाटली ज्या प्रांताची, त्या प्रांतावर ती ठेवायची आणि आम्ही सभोवार बसायचं. शेठ अंगाने आडवे, त्यामुळे ते नेहमी समुद्रात. परका मुलूख आम्हाला कळावा म्हणून साडूभाऊ तो आपल्याकडे ओढून आणत. पुलिया म्हणजे त्यांची डहाणू, सपाट, उन्हाची आणि समुद्राच्या काठची. पिएमॉन्ते म्हणजे मोखाड्याच्या वरचा डोंगर, सकाळी धुकं बसतं तो. सिसिलीला मात्र जोडी सापडेना. पुष्कळ विचार करून ते म्हणाले, "सिसिली ही सिसिलीच. तिचा हट्टी स्वभाव आमच्या सासूबाईंसारखा." सासूबाई आम्हा दोघांच्याही एकच असल्यामुळे मला तो प्रांत ताबडतोब समजला.

बाटल्या यायच्या मुंबईहून, बोटीवरच्या एका जुन्या सोबत्याकडून. त्या आणायला साडूभाऊ स्वतः ठाण्याला जात आणि दुलईत गुंडाळलेली बाटली मांडीवर आडवी घेऊन एसटीने परत येत. एकदा घाटात वळणं सुरू झाल्यावर त्यांनी कंडक्टरला हळूच सांगितलं, "ड्रायव्हरला जरा बेतानं म्हणा, आत झोपलंय." कंडक्टर भला माणूस. त्याने पुढे जाऊन सांगितलं, गाडी हळू झाली, आणि मागच्या बाकावरची एक म्हातारी दुलई बाजूला करून बाळाचं तोंड बघायला आली. तिने काय पाहिलं आणि ती काय बोलली, हे साडूभाऊ कधीच पुरं सांगत नसत.

बोटीवर पाहुणे चव घेऊन घोट थुंकून टाकत, त्या रीतीप्रमाणे साडूभाऊंनी एक तांब्याचं घंगाळ मांडलं होतं. ते शेवटपर्यंत कोरडं राहिलं. पहिल्याच दिवशी गार्डसाहेबांनी ते बघून विचारलं, "तोंडात घेतलेली टाकू कशाला? कोनी मेलाय काय?" उलट त्यांनी पेल्यात बोट बुडवून चार थेंब फरशीवर उडवले, जुन्या माणसांच्या नावाने, इकडे सगळेच उडवतात तसे. थेंब पडले ते नेमके नकाशातल्या तोस्काना प्रांतावर. मला वाटलं, साडूभाऊ आता चिडणार. पण स्वतःचंही बोट बुडवून त्यांनी चार थेंब उडवले, आणि त्या दिवसापासून आमच्या इटलीवर आधी पूर्वजांचा हक्क लागला. दोन घोटांमध्ये तोंड साफ करायला तिकडचा पाव मिळत नसे, म्हणून चंदरी नागलीच्या भाकरीचे तुकडे करून देई. ही सोय इटलीत नाही याचं साडूभाऊंना खरंच वाईट वाटायचं.

एवढं झालं की ते वही उघडून पेन्सिल हातात घेत आणि एकेकाला विचारत, "काय आलं?" म्हणजे वास काय आला. स्वतः कधी सांगत नसत. आम्ही सांगायचं, तेही आपल्या शब्दांत. गार्डसाहेब म्हणत, "जांभळाचा येतो," किंवा "काय नाय येत." शेठ म्हणत, "खोकल्याच्या औषधाचा." मग माझी पाळी. मी भाषेचा मास्तर, माझं तोंड उघडलं की थांबत नसे. मी म्हणायचो, भिजलेल्या खडूचा वास, नव्या वहीचा वास, वळवाची सर पडून गेल्यावर एसटीच्या मागच्या बाकाला येतो तो वास. साडूभाऊ डोळे मिटून म्हणत, "मागचा बाक. खिडकीकडचा की मधला?" मी म्हणायचो, "खिडकीकडचा." ते लिहून घेत, मग पेला तोंडाला लावत, सावकाश घोट घेत आणि मान हलवत, "हां. खिडकीकडचा."

खरं सांगतो, मला त्यात काडीचाही वास येत नव्हता. म्हणजे येत असेल, मी घेतलाच नाही. मी आणि शेठ बाजारात भेटलो की आमची पैज लागे, पुढच्या बैठकीत सगळ्यांत विचित्र वास वहीत कोण चढवतो. ती मीच जिंकायचो. मग लग्नाकार्यात पंगतीला बसलो की मी साडूभाऊंची नक्कल करायचो. ते मिटलेले डोळे, ती पेन्सिल, ते "हां". लोक हसून हसून पाणी प्यायचे. मेहुणीसुद्धा हसायची. ही माणसाची थट्टा नाही, प्रेम आहे, असं मी स्वतःला सांगत होतो, आणि प्रेम नव्हतं असंही नाही. पण आज ते आठवलं की कान गरम होतात.

एक गोष्ट तेव्हाच ध्यानात यायला हवी होती. एकदा बैठकीला गेलो तर पडवीत असा वास सुटला होता की बसवेना. साडूभाऊ मजेत वाचत बसले होते. आम्हा तिघांनाही वाटलं, हे इटलीचं चीज असणार. शेठ तर म्हणाले, "वा, अस्सल दिसतंय." तासभर आम्ही त्या चीजची वाट पाहिली. मग बाजार करून चंदरी आली आणि तिने कपाटामागून मेलेला उंदीर बाहेर काढला. आम्ही पोट धरून हसलो. त्या वासात साडूभाऊ एवढा वेळ बसले कसे, हे एकाच्याही मनात आलं नाही.

मग ती बारोलोची बैठक झाली. बारोलो पिएमॉन्तेची. साडूभाऊ दोन वर्षं तिची वाट पाहत होते. बोटीवर त्यांनी सगळ्यांत प्रेमाने उघडलेली बाटली हीच, असं ते सांगत. यंदा ती आली, पण सोबत्याच्या बंद गाडीत मे महिन्याच्या उन्हात कितीतरी दिवस पडून राहिली होती. ते आम्हाला मागाहून कळलं. त्या दिवशी साडूभाऊंनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. बूच काढलं आणि माझ्या नाकात शिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, आंबट वास घुसला. गार्डसाहेबांनी पेला हळूच खाली ठेवला. शेठनी माझ्याकडे बघितलं. आणि साडूभाऊंनी त्या दिवशी आधी मलाच विचारलं, "मास्तर, काय आलं?"

आंबली आहे, एवढं म्हणायचं होतं. चौथीतलं पोर म्हणालं असतं. पण त्यांचा तो सदरा बघून धीर झाला नाही, आणि खरं म्हणजे शेठ बघत होते म्हणून जीभ थांबलीही नाही. मी म्हणालो, "जुन्या चामड्याचा. ओल्या मातीचा. आणि मागून, अगदी मागून, गुलाब."

"गुलाब आला?" साडूभाऊंचा आवाज बदलला. "नक्की?"

"नक्की."

"तीस वर्षं बुचाला हाच गुलाब यायचा," ते म्हणाले, आणि त्यांनी अख्खा पेला सावकाश पिऊन टाकला. चेहरा जरा आंबट झाला, पण डोळे भरून आले होते. दुसरा पेला भरत होते तेवढ्यात चंदरी भाकरी घेऊन आली. तिने गार्डसाहेबांचा पेला उचलला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "दादा, ही तं आंबली हाय. पिव नका."

साडूभाऊ माझ्याकडे बघत राहिले. चंदरीला वाटलं आम्हा सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ती आम्हालाच रागावून म्हणाली, "दादांला वास नाय येत, करोना झाला तवापून. सकाळचा दूध पन मीच हुंगून देते. तुमाला तं येतो ना? तुमी सांगायचा नाय?"

साडूभाऊंनी बुचाने बाटली बंद केली आणि म्हणाले, "असू दे. प्रवासात बिघडली असेल." मग वही मिटून त्यांनी सगळ्यांना भाकरी घ्यायला सांगितली. मला आधी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा गेलो. साडूभाऊंनी चहा ठेवायला सांगितला. मी म्हणालो, "साडूभाऊ, मी खोटं बोललो. कालच नाही, नेहमीच." ते म्हणाले, "बोललात खरं." मग अंगणाकडे बघत म्हणाले, "बोटीवर आम्हाला प्यायची मनाई होती, मास्तर. बूच काढायचं, हुंगून बघायचं आणि हसून दुसऱ्याला वाढायचं. तीस वर्षांत माझ्या वाट्याला तेवढा वास आला. म्हटलं, निवृत्त झाल्यावर चव घेऊ. घरी आलो तर महिन्याभरात नाकच गेलं. मग विचार केला, मला नाही तर चार माणसांना येईल. ते सांगतील, मी आठवून पिईन." चहा आला. कप माझ्यापुढे सरकवत ते म्हणाले, "पण तुम्ही बोलायचात फार छान." त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने घरी गेलो असतो.

बैठकी बंद पडल्या नाहीत. पूर्वीसारखाच फोन येतो, कांदा नाही, तेल नाही. आता चंदरीही पायरीवर बसते, पेला हुंगते आणि सांगते, "कोकमाचा," नाहीतर "काय नाय, निस्ता द्राक्षाचा." साडूभाऊ ते लिहितात, डोळे मिटतात, पितात. शेठनाही विचारतात, कारण शेठनी त्या दिवशी निदान तोंड उघडलं नव्हतं.

गेल्या बैठकीला सिसिलीची बाटली होती. मी पेल्यात नाक घातलं आणि, खोटं सांगत नाही, आयुष्यात पहिल्यांदा नीट श्वास घेतला. आधी काहीच कळलं नाही. मग आला. पत्र्यावर वाळत घातलेल्या करवंदांचा, दुपारी तीनच्या उन्हातला, जरासा गोड, जरासा भाजलेला. साधा, खरा वास. एवढा स्पष्ट की मला बसवेना. साडूभाऊ वही घेऊन गार्डसाहेबांकडे गेले, चंदरीकडे गेले, शेठकडे गेले, प्रत्येकाला विचारलं, प्रत्येकाचं लिहून घेतलं. मग माझ्यापाशी आले, माझा पेला इतरांपेक्षा बोटभर जास्तच भरला आणि फार मायेने विचारलं, "मास्तर, गुडघा कसा आहे?"

मी म्हणालो, बरा आहे.