सायबिणीचं पुढचं घर

पेडण्यातल्या त्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, किरिस्तावांची घरं मोजून अकरा. पावसाळा सरून भात घरात आलं की सायबिणीची, म्हणजे मेरीमायेची, मूर्ती एकेका घरी एकेक दिवस राहायला यायची. संध्याकाळी रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, मग उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे तुकडे. दुसऱ्या दिवशी त्या घरच्या बाईने मूर्ती स्वतःच्या हातांनी पुढच्या घरी पोचवायची, हा नेम.

पिएदादचं घर दहावं. बाई मोठी खमकी हो! नवरा मिंगेल डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. मुलगा साल्लू सात वर्षांचा असताना मिंगेल तापाने गेला. हिने दुसऱ्यांच्या मिरच्यांना पाणी घातलं, दोन पावसाळे गळक्या छपराखाली काढले, पण चर्चमधली रविवारची मीस चुकवली नाही. दुसऱ्या कुणी हात टेकले असते, हिने गुडघे टेकले. "देव आसा," एवढंच म्हणायची.

पण याच बाईने एकदा स्वतःच्या हाताने घात करून घेतला. साल्लूने बांद्याकडच्या रत्नाशी, हिंदू पोरीशी, नोंदणी लग्न केलं आणि तिला घरी आणलं, ते नेमकं सायबीण घरात असताना. पोरीने भाबडेपणाने अबोलीचा वळेसर मूर्तीला घालायला हात पुढे केला. पिएदाद कडाडली, "हात लावू नको! तू आमची न्हय!"

साल्लूने बायकोचा हात धरला आणि मुरगावला निघून गेला.

त्याला सहा वर्षं झाली. जिभेला हाड नसतं म्हणतात ते काय खोटं? दर वर्षी सायबीण आली की पिएदाद दार सताड उघडं ठेवायची, चणे दोन माणसांचे जास्त उकडायची आणि मूर्तीपुढे एकच मागायची, माझा पोर आण. साल्लू काही यायचा नाही. जेवताना त्याची आठवण आली की घास हातातच राहायचा.

गोवा राज्य झालं त्या सालची गोष्ट. तिठ्यावर माणसं अजून कोकणी की मराठी म्हणून एकमेकांवर गुरकावत होती. पिएदादला त्याचं सोयरसुतक नव्हतं. शेजारचा गोकुळदास पूर्वी मुरगाव बंदरावर कामाला होता, त्याने तिला साल्लूचा पत्ता कधीच लिहून दिला होता. "तूच जाऊन ये गो. पोराकडे गेली म्हणून आई काय लहान होते?" तो म्हणायचा.

"खंयच्या तोंडान जाऊ?" ती म्हणायची.

त्या वर्षी रोझरी झाली, माणसं पांगली आणि मूर्तीपुढे बसल्या बसल्या तिला सुचलं. आपलं तोंड नाही ना? मग सायबिणीला पुढे करू.

सकाळी मूर्ती अकराव्या घरी न्यायची, ती हिने चादरीत गुंडाळली आणि बस गाठली. कंडक्टर म्हणाला, "माय, हिचं तिकीट?"

"मेल्या, देवाच्या आवशीकडे तिकीट मागतंस?"

सगळी बस हसली. मांडवीचा पूल आदल्या वर्षी पडलेला, म्हणून बेतीला फेरीबोट, पलीकडे पुन्हा बस. मुरगावला दार ठोठावलं तेव्हा ऊन डोक्यावर होतं.

दार रत्नाने उघडलं. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं पिएदाद विसरली. तिने नुसती मूर्ती पुढे केली. रत्ना मागे सरली. "तुमी हात लावूक नको म्हटल्यात ना?"

"धर गो. माझी चूक झाली. तू माझ्याच घरची."

रत्नाने मूर्ती छातीशी धरली आणि तिला रडू फुटलं.

"साल्लू खंय?"

"ते बोटीर कामाक गेले, माय. चार महिने झाले. अजून वर्षभर येवचे नाय."

पिएदाद उंबऱ्यावरच बसली. चार महिने! सहा वर्षं घरात बसून वाट बघितली ती बघितली, आणि चार महिन्यांनी चुकली. भिंतीवर एक फळी होती, तिच्यावर धुतलेलं पांढरं कापड, वर काहीच नाही.

"दर वर्षी ते हेच दिवस बघून कापड मांडायचे, औंदा मी मांडलं," रत्ना म्हणाली. "माय सायबीण घेऊन येतली म्हणायचे."

मूर्ती फळीवर ठेवली. पिएदादने "नमान मारिये" सुरू केलं. पुढची अर्धी प्रार्थना रत्नाने म्हटली. शेवटचा शब्द ओढायची साल्लूची लहानपणची खोड, तीसुद्धा तशीच. पिएदादचे मणी थांबले. मग डोळे पुसून तिने पुढचा मणी धरला.

रोझरी संपल्यावर ती उठली. "चल, कपडे घे. अकराव्या घरची बोंबलत असतील. तुझ्या घरी आली ती, आता पुढच्या घरी तूच पोचवायची. नेम आसा."

रत्नाने दाराला कुलूप घातलं. बसमध्ये मूर्ती तिच्या मांडीवर होती. बंदरात तीन बोटी उभ्या होत्या. साल्लू त्यांतल्या एकीवरही नाही हे ठाऊक असूनही पिएदाद त्या दिसेनाशा होईपर्यंत खिडकीतून बघत राहिली.