स्वतःच्या वापरासाठी

काजवाली म्हणून तिला अख्खी गल्ली ओळखायची. शिंप्याच्या दुकानात मागच्या बाकावर बसून तिने एकोणीस वर्षं शाळेच्या गणवेशांना काजं-बटणं केली, आणि तितकीच वर्षं नवऱ्याच्या बाटल्या मोरीत ओतल्या. नवरा पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. हात असा, की त्याचं अक्षर बघायला लोक रस्त्यात थांबत. आता त्याच हातात चहाचा कप ठरत नव्हता, पण गडी कबूल करेल तर शपथ! ‘मी घेत नाही’ हे वाक्य त्याला इतकं पाठ होतं, की झोपेतून उठवलं तरी तेच बोलला असता.

दोन महिन्यांपूर्वी तिने एकदा कंबर कसून घरातली होती नव्हती तेवढी दारू ओतून दिली. तिसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघरात फिट येऊन पडला. तेव्हा कळलं, ही एकदम तोडली तर माणूस दगावतो. सीमेपलीकडच्या हॉस्पिटलात खाट मिळाली. तिथल्या डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं, "इथे पोचेपर्यंत दर तीन तासांनी दोन झाकणं दारू द्या. एकही पाळी चुकवू नका." जन्मभर जिला शिव्या घातल्या तीच बाटली टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या पोरासारखी मांडीवर घेऊन ती बसमध्ये बसली. अशी थट्टा कोणाच्या वाट्याला येऊ नये.

सीमेवर सगळ्यांना खाली उतरवलं. बाराला त्याची पाळी होती आणि साडेअकरा वाजून गेले होते. त्याच्या कपाळावर घाम दिसायला लागला होता. दोघांचे फॉर्म तिनेच भरले होते. ‘सोबत दारू आहे का’ याच्यापुढे त्याच्या कागदावर ‘होय’, स्वतःच्या कागदावर ‘नाही’.

तपासनीस बाईने बाटली वर धरली. "ही कोणाची?"

"माझी नाही," पेंटर ताडकन म्हणाला. "मी घेत नाही."

काजवाली पुढे झाली. "अहो, असं काय करता? मॅडम, यांचीच आहे. आजारी आहेत हे, डॉक्टरांनी सांगितलंय द्यायला."

"चिठ्ठी आहे?"

चिठ्ठी होती, पण तीत नुसती भरती व्हायची तारीख.

"मावशी, माणशी एक लिटर नेता येते, तीही फक्त स्वतःच्या वापरासाठी. दुसऱ्याला द्यायला नाही चालत. कागदावर ‘होय’ आहे, पण हे तर नाही म्हणतायत. मग मला ओतावी लागेल."

ती नवऱ्याकडे वळली. "अहो, एकदाच म्हणा. पाया पडते तुमच्या. लाज वाटते, कळतंय मला. पण हॉस्पिटल अजून चार तास लांब आहे. म्हणा ना, माझी आहे म्हणून!"

पेंटर भिंतीकडे बघत राहिला. तो मुद्दाम करत नव्हता. ते शब्द त्याच्या तोंडून फुटतच नव्हते. तिला त्याचा संताप आला आणि त्याहून जास्त भीती वाटली.

तपासनीस बाईने बेसिनवर बाटलीचं झाकण फिरवलं.

"थांबा!" काजवाली ओरडली. "माझी आहे ती."

"फॉर्मवर तर ‘नाही’ लिहिलंय तुम्ही."

"लाजेपायी लिहिलं. शिक्का कुठे बसलाय अजून? बदलते मी."

"तुम्ही पिता?"

"पिते." तिचं तोंड कडू झालं. "रोज पिते."

मागे रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. तिने ‘नाही’वर काट मारली, ‘होय’ लिहिलं, सही केली. शिक्का बसला आणि बाटली हातात आली. आता तरी हा मान खाली घालेल, असं तिला वाटलं.

पेंटर तपासनीस बाईकडे झुकला आणि थकल्या आवाजात म्हणाला, "सांगून सांगून दमलो, मॅडम. ऐकतच नाही."

तपासनीस बाईने कणवेने मान हलवली. त्याच्यासाठी.

त्याचा गळा दाबावा, असं काजवालीला वाटलं. बाराला पाच कमी होते. तिने त्याला दंडाला धरून बसच्या मागे नेलं, दोन झाकणं पाजली, आणि ओघळ आला तो पुसला.