सफरचंदाचा खारट शिरा

आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केलेल्या माणसाला स्वयंपाकघरात एकटं सोडू नये. मला सोडलं गेलं, कारण माझी बायको शकू वारली.

ती आजारी होती तेव्हा भेटायला येणारा प्रत्येकजण शहागंजच्या बाजारातून सफरचंदं घेऊन यायचा. (आजारी माणसाला सफरचंदच लागतं, हे कुणी ठरवलं कोण जाणे.) फ्रिज भरला, टोपली भरली, माझ्या पुस्तकांच्या कपाटातला एक कप्पासुद्धा सफरचंदांनी बळकावला! शकूला ती नुसती बघवत नसत. "त्यात मला दवाखाना दिसतो," असं म्हणून ती उठायची आणि त्यांचा शिरा करायची. उरलेल्यांची येसराचा मसाला घालून झणझणीत भाजी. दौलताबादची सीताफळं आली की बासुंदी. मला मधुमेह असल्यामुळे माझ्या ताटात फक्त भाजी पडायची.

तिच्या पहिल्या स्मृतिदिनी विहारातल्या भंतेजींना भोजनदान द्यायचं ठरलं. काय करायचं ते माझ्या मुलीने, प्रज्ञाने ठरवलं: सफरचंदाचा शिरा आणि सफरचंदाची भाजी. मी चकित झालो. आई गेल्यापासून या पोरीने सफरचंदाला हात लावला नव्हता.

"कुसुममावशीच्या हाताला आईची चव आहे," ती म्हणाली. "बाबा, मला एकदा तो शिरा खायचाय. तसाच्या तसा."

कुसुम म्हणजे शकूची धाकटी बहीण, सिल्लोडला असते. आजारपणात ती महिनोन्महिने आमच्याकडे राहिली होती. आमचं स्वयंपाकघर तिला डोळे मिटून वापरता येतं.

वर्षभर आमचं खानावळीच्या जेवणावरच भागत होतं. आता आपणही काहीतरी करावं, म्हणून मी आदल्या आठवड्यात स्वयंपाकघर आवरायला घेतलं. एकेक डबा उघडून चाखून बघितला आणि हादरलोच. 'साखर' लिहिलेल्या डब्यात मीठ! 'मीठ' लिहिलेल्या डब्यात दळलेली साखर! अक्षर शकूचंच, ठसठशीत. शेवटी शेवटी बिचारीला भान राहिलं नसेल, असं वाटून मी जरा वेळ फरशीवरच बसून राहिलो. मग चुकीच्या कपाटात गेलेलं पुस्तक जागेवर ठेवावं, तसं मीठ मिठाच्या डब्यात घातलं आणि साखर साखरेच्या. खूप दिवसांनी मला बरं वाटलं. तिची एक चूक मी कुणाला कळू न देता झाकली होती!

स्मृतिदिनाला कुसुम सकाळच्या एसटीने आली ती थेट गॅसपाशीच गेली. भंतेजी दुपारी बारानंतर जेवत नाहीत, त्यामुळे घाई.

"कुसुम, काही मदत करू का?"

"नगं, दाजी. तुमी बाहीर बसा, पेपर वाचा."

"डबे आवरून ठेवलेत मी."

"लई उपकार झाले! आता सरका तिकडं."

मी सरकलो, पण दारातून बघत राहिलो. तिने 'मीठ' लिहिलेला डबा ओढला आणि वाटीभर शिऱ्यात ओतलं. (शिऱ्यात चिमूटभर मीठ घालतात, असं मी कुठंतरी वाचलं होतं. वाटीभर म्हणजे सिल्लोडकडची पद्धत असेल, असं वाटलं.) चाखून बघायचा प्रश्नच नव्हता. भंतेजींच्या आधी कुणी उष्टवायचं नाही, हा आमच्या घरचा रिवाज.

भंतेजींनी शिऱ्याचा पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मिटलेलेच ठेवले. शेजारच्या काकूंना वाटलं, ध्यान लागलं. त्यांनी हात जोडले. त्यांचं बघून सगळ्यांनी जोडले. मीही! मग भंतेजींनी चव बदलायला म्हणून भाजी घेतली. आता त्यांचा एक डोळा उघडला.

"पाणी मिळेल का?" ते हळूच म्हणाले.

तोवर प्रज्ञाने मोठ्या आशेने घास तोंडात घातला होता. तिचा चेहराच पडला.

"हा आईचा शिरा नाहीये," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

कुसुमने बोट लावून चाखलं. "अगं बया! नुसतं मीठ! म्हंजी भाजीत साखर पडली! डब्यांना कुणी हात लावला?"

"मी," मी म्हणालो. "जे लिहिलंय ते ज्याच्या त्याच्या डब्यात घातलं. शकूकडून अदलाबदल झाली होती."

कुसुमने कपाळाला हात लावला. "दाजी, ती साखर तुमच्यापासून लपवली व्हती! मिठागत दिसावी म्हनून दळून ठेवायची. अक्का म्हनायची, ह्या माणसाला कुलूप नाय लागत. डब्यावर लिहिलं की झालं. लिहिलेलं समदं खरं वाटतं त्यांला!"

इतकी वर्षं तो डबा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी तो रोज वाचत होतो. एवढ्यात प्रज्ञाला हसू फुटलं. हसता हसता ती रडायला लागली, रडता रडता पुन्हा हसली. आमच्या घरात वर्षभरात कुणी हसलं नव्हतं, त्यामुळे काय करावं ते कुणालाच कळेना.

"दानाची चव बघायची नसते," भंतेजी शांतपणे म्हणाले. "पण केळं असेल तर द्या."

केळी दिली. बारा वाजायच्या आत दोन खाऊन ते उठले.

दुपारी कुसुमने शिरा पुन्हा केला. प्रज्ञाने पहिला घास बराच वेळ तोंडात धरला. मग ताटली पुसून खाल्ली आणि आणखी वाढून घेतला. संध्याकाळी मावशी-भाचीने मिळून सगळे डबे पुन्हा शकूच्या पद्धतीने चुकीचे लावले.

दुसऱ्या दिवशी दोघी उठायच्या आत मी चहा ठेवला. का कोण जाणे, गोड प्यावासा वाटला. आता मला सगळं ठाऊक होतं. तरी हात फळीवर गेला, डोळ्यांनी 'साखर' हा शब्द वाचला आणि मी दोन चमचे टाकले. पहिलाच घोट खारट!

शकूला जाऊन वर्ष झालं. माझी साखर अजून तिच्याच ताब्यात आहे!